परत घेतलेली शाल

"सर, शाल द्या इकडं. पुढच्या पाहुण्याला लागती."

लातूरला एका मोठ्या क्लासचा कार्यक्रम. मांडव पोरांनी अन् आईबापांनी गच्च भरलेला. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सत्कार नुकताच झालेला. फोटो निघाला, टाळ्या पडल्या, अन् स्टेजच्या मागच्या पायऱ्यांवर क्लासच्या माणसानं हात पुढं केला. ह्यांनी शाल खांद्यावरून काढली. काठाला काठ लावून घडी घातली. दिली. वर म्हणाले, "घ्या."

मी जवळच बायकांच्या खुर्च्यांत. सगळं दिसलं. शाली फिरवतात, ते मला काय ठाऊक नाही? आपल्याकडं नारळसुद्धा फिरतो. पण आमदारांची शाल गेली आमदारांच्या गाडीत. डॉक्टरांची शाल डॉक्टरीणबाईच्या मांडीवर. फिरवायची कुणाची, ते आधीच ठरलेलं. आमचं घर मुरुडात, गावाच्या खालच्या अंगाला. एवढं सांगितलं की कळतं लोकांना.

क्लासचा मालक कोण, तर ह्यांचाच विद्यार्थी. भूकंप झाला तेव्हा ह्यांची नोकरी औशाकडच्या एका गावात. तिथल्या मोठ्या घरचं हे पोरगं. शाळेच्या भिंती फाटल्या, मग पत्र्याचं शेड आलं. ऊन चढलं की पत्रा कडकड वाजायचा, अन् पोरं बाहेर पळायची. वाटायचं, पुन्हा हाललं. हे म्हणायचे, "पत्रा हाय रे. तापलाय निस्ता. चला, पाढा कुठवर आलता?" पाढा म्हणता म्हणता पोरांचं भ्याव जायचं.

त्या पोराची आजी एकदा शेडपाशी आली. म्हणाली, "मास्तर, आमच्या लेकराचं बस्कर येगळं टाका."

हे म्हणाले, "आई, जमीन हालली तवा येगळी हालली का?"

पोरगं सगळ्यांच्यात बसलं. शिकलं. मोठं झालं.

घरात हा माणूस कसा, ते मी सांगते. मी शेतावर गेले की दोन्ही पोरींच्या वेण्या हेच घालायचे. शेजारणी हसायच्या, "मास्तरीणबाई, फणीबी मास्तरांकडंच का?" मी शाळा बघितली नाही. पोरींच्या मागं बसून, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं लावत गेले. चुकलं तर हे हसायचे नाहीत. पुढचं अक्षर सांगायचे, बस.

कार्यक्रमाहून येताना एसटीत मी विचारलं, "दिली कशाला तुम्ही?"

खिडकीतून बघत म्हणाले, "आता थंडी कुठं हाय?"

मुरुड येईस्तोवर त्यांचा हात त्याच खांद्यावर होता. मी काय करू शकत होते? काही नाही. स्टेज क्लासवाल्यांचं, माईक त्यांचा.

पुढं ह्यांचं दुखणं वाढत गेलं. शेवटी शेवटी पाढेसुद्धा तुटायचे. मी पुढचा आकडा सांगायची. माणूस गेला.

अंगणात लोक जमलेले, ह्यांना बाहेर काढून ठेवलेलं, अन् दारात गाडी थांबली. तोच, क्लासचा मालक. सोबत फोटोवाला. हातात नवी कोरी शाल, प्लास्टिकच्या पिशवीतली.

"काकू, सरांच्या अंगावर घालतो. आपल्या नव्या हॉलला सरांचंच नाव द्यायलोय."

आपल्या म्हणे. दीर कानाशी लागला, "वहिनी, घालू द्या. मोठी माणसं हायत."

मी ह्यांच्या अन् त्याच्या मधी उभी राहिले. म्हणलं, "थांब बाळा. ही शाल परत कुणाला लागंल?"

"न्हाई काकू, ही सरांचीच."

"सरांची तुझ्या माणसानं उतरवून घेतली. आता त्यांना घडी घालून देता यायची न्हाई."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. शाल पिशवीत गेली, पिशवी गाडीत. ह्यांना घरच्या पांढऱ्या कापडात नेलं.

लोक म्हणतात, म्हातारीनं मान मिळवला. कसला मान? माणूस उठून बसला का?

त्याची माणसं अजून येतात, नावाला हो म्हणा म्हणून. चहा पाजते अन् वाटंला लावते. मी जिती हाय तोवर ह्यांचं नाव त्या भिंतीवर चढणार नाही. पोरींना बसवून सांगितलंय. मी गेल्यावरबी नाही.