पद्मजाताईंचा नकार

नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पद्मजा चौलकर आमच्या समोरच्या दारात राहायच्या. त्या पाटबंधारे खात्यात अभियंता होत्या. एका नदीच्या खोऱ्यातलं पाणी उचलून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं असेल, तर त्याच्या परवानगीचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे. थोडक्यात, नाही म्हणण्याचं काम. आणि या बाईंना नाही म्हणताच येत नसे. भाजीवाल्याने गळ्यात मारलेली तोंडली त्या निमूट घेऊन यायच्या आणि अर्धी आमच्या दारात ठेवून जायच्या.

ऑफिसात मात्र त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. अर्ज नामंजूर करायचा असला की आधी चहा मागवायच्या, घरच्यांची चौकशी करायच्या, मग नकार द्यायच्या. उलव्याच्या बांधकामांना टँकर पुरवणारा जमाल मुकादम म्हणायचा, "मॅडमनी चाय मागवली की समजायचं, आज काम नाय." तरी तो यायचाच. त्याच्या मुलीला, महेकला, कॉलेजात कुठली शाखा घ्यावी हे त्यांनीच सुचवलं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "पाणी या नदीचं काय न् त्या नदीचं काय, एवढी परवानगी कशाला?"

त्या डाळिंब्या सोलत होत्या. म्हणाल्या, "तिथल्या तिथे वापरलं तर सांडलेलं, मुरलेलं थोडंफार त्याच नदीला परत मिळतं. डोंगर ओलांडून नेलं की गेलंच. मग खाली कुणाची तरी विहीर आटते, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलंसुद्धा नसतं."

२०१०च्या उन्हाळ्यात आमच्या नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं, तेही करंगळीएवढं. जमालचा टँकर डोंगरापलीकडच्या नदीच्या डोहातून आमच्याकडे पाणी आणायचा, पण त्याची परवानगी हिवाळ्यापुरतीच होती. ती उन्हाळ्यात वाढवून मिळावी म्हणून सोसायटीने अर्ज करायचं ठरवलं. सोसायटीचे सेक्रेटरी होते दिनानाथ चौलकर, म्हणजे पद्मजाताईंचे यजमान.

जेवताना ते म्हणाले, "पद्मजा, तेवढं बघून घे."

"अहो, घरी नको. ऑफिसात या."

दिनानाथराव बँकेत नोकरीला, नियमाचे पक्के. अर्धा दिवस रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते जमालशेजारी बाकावर जाऊन बसले. नंबर आल्यावर दोघे आत गेले. पद्मजाताईंनी शिपायाला चहा सांगितला. दिनानाथरावांनी जमालकडे पाहिलं. जमाल पंख्याकडे बघत बसला.

"डोहाजवळच्या कातकरी वाडीतल्या बायका काठाला खड्डे खणून पाणी काढताहेत," पद्मजाताई म्हणाल्या. "मी जाऊन बघून आले. तिथे पंप लावायला मला सही करता येणार नाही."

"आणि आपण काय करायचं? आई बादली घेऊन जिने चढणार का?"

"मी चढेन."

दिनानाथरावांनी चहाला हात लावला नाही.

बिल्डिंगमध्ये गहजब झाला. तिसऱ्या मजल्यावरचे सबनीस जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरातच वैरी असल्यावर पाणी कुठून येणार!" पद्मजाताई रोज ऑफिसच्या आधी मागच्या गल्लीतल्या हातपंपावरून बादल्या भरून आणायच्या, पहिली सासूबाईंसाठी. एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. "बाकीच्यांचं सोड गं. हे तरी समजून घेतील असं वाटलं होतं."

यजमान घरात कामापुरतं बोलत होते. एका रविवारी त्यांनी जमालला बोलावलं. "मला तो डोह दाखव. खरंच एवढं आहे का, ते मी स्वतः बघतो." पद्मजाताईही डबा घेऊन टँकरच्या केबिनमध्ये चढून बसल्या. पुढचं मला जमालने सांगितलं.

डोहात तळाशी हिरवट पाणी उरलं होतं. काठाला एका खड्ड्याशी रूपा नावाची कातकरी बाई वाटीने हंडा भरत होती. दिनानाथराव तिला म्हणाले, "एखादा टँकर नेला तर असं किती कमी होणार?"

"तुमची टाकी भरली का आमचा झरा आटतो," ती म्हणाली. "मंग पानी परत येईतवर आमी बसून रातो." आणि उन्हात उभा असलेला माणूस बघून तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. दोन घोट पिऊन दिनानाथरावांनी उरलेलं पाणी जपून तिच्या हंड्यात ओतायला घेतलं. तिने हसून तांब्याच काढून घेतला. "उष्टा नका घालू हंड्यात!"

"मग आम्ही करायचं तरी काय?" त्यांनी विचारलं.

"मना काय इचारता? ही बाई हाय ना तुमची."

परत येताना जमाल म्हणाला, "मॅडम, एक बोलू? खाली शेवटच्या गावाच्या पुढे नदी खाडीला मिळते. तिथलं पाणी कुणी पीत नाय, शेतीला घेत नाय. खारट आहे. संडासाला चालेल."

पद्मजाताईंनी टँकर तिथूनच वळवायला लावला. तो काठ पाहिला, दुसऱ्या दिवशी रीतसर पाहणी केली, वरिष्ठांकडे शिफारस पाठवली. पाऊस पडेपर्यंत, फक्त ओहोटीच्या वेळी आणि पिण्याखेरीज वापरासाठी, अशी परवानगी मिळाली.

ते पाणी काही छान नव्हतं. साबणाला फेस येत नसे, नळांवर पांढरे थर चढले, बाथरूममध्ये खाडीचा वास कोंदायचा. पण नळाचं गोडं पाणी पिण्या-स्वयंपाकाला पुरायला लागलं. आंघोळीपुरत्या हातपंपावरच्या बादल्या लागायच्याच; त्या दिनानाथरावांनी स्वतःकडे घेतल्या. तसं काही ठरलं नव्हतं, एका सकाळी पद्मजाताई उठल्या तर बादल्या जागेवर नव्हत्या.

जुलैच्या सभेत सबनीसांनी गंजलेला नळ टेबलावर आपटला. "सेक्रेटरी बायकोपुढे गप्प बसले, म्हणून हे भोगलं आम्ही!"

दिनानाथराव उठले. "अर्ज मी दिला होता. चौलकर मॅडमनी तो नाकारला आणि बरोबर केलं. त्या जागेवर मी असतो तर कदाचित सही करून मोकळा झालो असतो. त्यांनी केली नाही." आणि खाली बसले.

सबनीस त्यानंतरही पद्मजाताईंशी कधी बोलले नाहीत. ताईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आमच्याकडे आल्या, चेहरा लाल झालेला.

"ऐकलंस ना? लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, आणि काल चारचौघांत मला मॅडम म्हणाले!" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या.