चाकाखालचा दगड

तापलेल्या रबराचा वास आला की कपिलधारचा उतार आठवतो. तोवर आमचं बिऱ्हाड मेंढरांमागंच हिंडलेलं. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून आईला चुलतभावाच्या गाडीतून तिथं दर्शनाला नेत होतो; तोही सोबत होता. उतारावर मागचं चाक पंक्चर झालं, तापलेल्या रबराचा वास सुटला. आईला खाली उतरवलं, हँडब्रेक ओढला. पण हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, त्यातलं एक उचललं की त्याचा भरवसा नसतो, म्हणून जॅक फिरवण्याआधी भावाला विचारलं, “पुढच्या चाकाला दगड लावलास ना?” “हाय म्हणलं ना, कशाला भेतो?” तो म्हणाला. मी गाडी उचलली, चाक काढून बाजूला झालो, तोच गाडी पुढं सरकली, जॅक कलंडला आणि ती धाडकन खाली बसली. पुढं जाऊन बघितलं, तर दगड नव्हताच. मी तोंड उघडायच्या आत भाऊच हसून आईला म्हणाला, “काकू, पदवी घेतली, पर जॅक काय लावता येईना साहेबाला!” आई मला म्हणाली, “त्याला इचारून करायचं रं.” ते मला लई लागलं. आज माझी स्वतःची गाडी आहे. आई पुढच्या सीटवर बसते. चाकाला दगड मीच लावतो, आणि वाकून बघितल्याशिवाय ‘हाय’ म्हणत नाही.