कवडीचा वास

दादाच्या मुलांची ती आत्या, म्हणून साऱ्या गल्लीची आत्या. घराच्या मागल्या खोलीत दादाचं कवड्यांचं काम चाले. नखाएवढ्या कवड्या समुद्रावरून यायच्या त्या आतल्या गोगलगायीसकट. त्या पिंपात भिजत घालायच्या, मांस सडलं की पाण्याच्या जोरानं धुवायच्या, वाळवायच्या आणि दागिने करणाऱ्यांकडे धाडायच्या. पण कवडीचं तोंड म्हणजे दातेरी फट. आत मांसाचा तुकडा राहिला तर दिसत नाही, आणि अशी एक कवडी अख्खा डबा नासवते. म्हणून आत्या एकेक कवडी नाकाशी धरून हुंगायची. तरुणपणी त्या स्टुलावर बसली, ती बसलीच.

दुसऱ्या गावी तिच्या मावसबहिणीचं शिवणाचं दुकान होतं. "ये गं इकडे," ती म्हणे, "कापड हुंगावं लागत नाही."

आत्यानं दादाला विचारलं, की तो हसे. "जा की! फक्त नाक ठेवून जा."

मग आत्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण आत्या म्हणाली, "मला कसला वासच येत नाही." चुलीवर दूध करपलं तरी ती शेजारी ढिम्म बसून राहिली. वहिनी ओरडत आली, "अहो, वन्संचं नाक खरंच गेलं हो!"

हुंगायचं काम वहिनीवर आलं. ती श्वास रोखून हुंगायची. कळणार काय, डोंबल! दादा धुसफुसला, पण बिननाकाच्या बहिणीला अडवून करतो काय? "जा बाई," म्हणाला.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. आत्या पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली. तिथं वहिनी डब्यांना चिकटपट्टी लावत होती.

"अगं वहिनी, तो नको, त्यात एक राहिलीय!"

बोलून गेल्यावर आत्याच्या लक्षात आलं.

वहिनीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. दादा मात्र रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा उजळला. "आलं! नाक परत आलं!" म्हणत तो गाडीवाल्याला परत पाठवायला बाहेर धावला.

"थांब ना दादा," आत्या म्हणाली, पण तो केव्हाच अंगणात पोचला होता. वहिनीनं डबा टेबलावर ओतला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आत्या एकेक कवडी नाकाशी नेऊ लागली. सापडली तेव्हा बाहेर गाडी वळत होती.