चिंध्या बांधलेल्या वायरी
रबर जळल्याचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतला तो मिस्त्री आठवतो, आणि अजून डोकं फिरतं. मी तेव्हा खालापुरात एका डॉक्टरांची मोटार चालवायचो. उंदरांनी मोटारीतल्या मीटरांमागच्या वायरी कुरतडल्या, म्हणून खोपोलीहून मिस्त्री आणला. मोटार आमच्याच अंगणात उभी होती. वायरींचे रंग उडून सगळ्या सारख्याच काळ्या झालेल्या. एकदा सोडवल्या की कुठली कुठं लावायची, म्हणून तो डोकं खाजवत बसला. माझी बायको ओट्यावर तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "कोंबड्यांच्या पायाला वळखीची चिंधी बांधतो, तशी बांधा की, दादा!" मिस्त्री म्हणाला, "बांधतो वयनी, पन मोटारीनं अंडी घातली तर ती कुनाची?" ती अशी हसली की हातातलं सूप कलंडलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, माझ्यापुढं ती कधी तशी हसली नव्हती. मग ती रंगीत चिंध्या फाडून देत गेली, तो बांधत गेला, जुन्या ट्यूबचं रबर तापवून उघड्या तारांवर चिकटवत गेला. पेट्रोलचा काटा हलला तेव्हा त्यानं हाक मारली ती तिला, मला नाय. तो गेल्यावर मी म्हणालो, "लई अक्कल पाजळलीस गं आज." ती म्हणाली, "त्यानं आयकून घेतली. तुमी कवा इचारता?" ती वारून आता वर्ष होईल. तो मिस्त्री कुठं जिवंत असला, तर तिचं ते हसणं त्याच्याही ध्यानात असेल, आणि ते मला सोसत नाय.