रिठ्याचं पाणी आणि मिठाची लॉरी

मला बघायला आले तेव्हा मुलाच्या मामांनी त्याच फेरीत लॉरीभर मीठही भरून घेतलं. आमचं गाव पेणजवळ, मिठागराच्या काठावर, ते म्हसळ्याचे. लॉरी मामांची, चालवणारा भाचा, आणि बघणं त्याच्याचसाठी.

मामांनी मला चालवून पाहिलं, सुईत दोरा ओवायला लावला, आमटीत मीठ किती घालतेस तेही विचारलं. मिठागरावरच्या पोरीला! डोकं असं तापलं होतं, पण बाबांकडे बघून 'बेताचं' एवढंच म्हटलं. आणि मुलगा? पोह्यांच्या बशीतून मान वर काढील तर शपथ. या मुखदुर्बळाबरोबर जन्म काढायचा कसा? संध्याकाळी बाबा मला विचारणार होते आणि माझं 'नाही' ठरलं होतं.

निघताना लॉरी अडली. लढाईनंतर लिलावात घेतलेली लष्करी गाडी, ब्रेक हवेवर चालणारे. टाकीत हवा भरली तरच ब्रेक लागायचे, आणि काटा काही केल्या वर चढेना. हवा कुठूनतरी गळत होती. मामा म्हणाले, चल रे, आजवर चाललंय ना. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"मामा, गाडी भरलेली आहे आणि पुढे घाट आहे. हवा धरल्याशिवाय मी ती हलवणार नाही."

मामांनी त्याला लहानाचं मोठं केल्याचंसुद्धा काढलं. हा इंजिन चालू ठेवून गुमान लॉरीखाली शिरला. नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा, गळतं तिथे बुडबुडे येतात. पण आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. अर्धी वडी झिजवली तरी फेस म्हणून येईना. मला राहवेना. सकाळी मला न्हायला उकळलेलं रिठ्याचं पाणी उरलं होतं. ते तपेलीत घुसळून मी सरळ अंगणात गेले आणि नेसत्या शालूनिशी लॉरीपाशी बसले. आईने कपाळाला हात लावला.

रिठ्याला मचूळ पाण्याचं काही वाटत नाही. मी फेस पुढे करायची, तो एकेका जोडावर लावायचा. लॉरीतल्या मामांच्या बैठकीखालच्या जोडावर भसाभसा बुडबुडे आले. नवी नळी नको म्हणून मामांनीच तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी सुतळीने आवळली होती. मामा लगेच बाबांकडे आंब्यांची चौकशी करू लागले.

फुटका तुकडा कापून त्याने नळी जोडली, काटा चढला. मग तपेली विसळून तो मागच्या दारी आला.

"मला सगळ्यांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हाला कुणी विचारलं का?"

अजून कुणीच विचारलं नव्हतं. पण तसं सांगते कशाला?

"आधी घाट उतरून दाखवा," मी म्हटलं. "मग सांगते."

संध्याकाळी बाबांना म्हटलं, चार दिवस थांबा. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं, अख्ख्या आळीने वाचून झाल्यावर आमच्या घरी पोचलं. बाबांनी ते ओटीवर मोठ्याने वाचलं: "घाट उतरलो. ब्रेक लागले. आता सांगा."

बाबांनी चष्मा काढला. "काय सांगायचं हाय गं याला?"

"हो म्हणून कळवा," मी म्हटलं, आणि आत पळाले.