साबणाच्या डबीतला टेस्टर

मिलमधले किस्से म्हणजे मागाखालचा कापूस. सकाळी झाडून घ्या, दुपारी पुन्हा तेवढाच साचलेला! मी सोलापुरात एका मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात फिटर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्याकडे एलईडी नावाचा दिवा पहिल्यांदा आला. त्या महिन्याभरात जे साचलं ते अजून झाडून संपलेलं नाही.

*

मागावर दोरा तुटला की लाल बल्ब लागायचा. पण मागाच्या हादऱ्याने दोऱ्याआधी बल्बचीच तार तुटायची. म्हणून मुंबईहून शंभर एलईडी मागवले. यात तुटायला तारच नाही. अट एकच, सुलट जोडला तर पेटतो, उलट जोडला तर ढिम्म. बाजू ओळखायला एक पाय लांब आणि एक आखूड ठेवलेला असतो. त्या मालावर दुसरी खूण नव्हती.

पाकीट आधी स्टोअरकीपर बाबूरावांच्या हाती पडलं. त्यांची वीस वर्षं चादरींच्या घडी खात्यात गेलेली. कुठं लोंबतं टोक दिसलं की हात आपोआप कात्रीकडे जायचा. दुसऱ्या दिवशी माल आमच्याकडे आला, तेव्हा शंभरच्या शंभर दिव्यांचे पाय एकसारखे!

बाबूराव खुशीत म्हणाले, "लई अघळपघळ माल आलता. फिनिशिंग करून दिलंय."

*

आता एकेक दिवा तपासणं आलं. गफूरभाई आमचे सर्वांत जुने वायरमन. बल्ब तपासायचा तर थेट बॅटरीला लावायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. त्यांनी रेडिओची नऊ व्होल्टची बॅटरी घेतली आणि दिव्याचे पाय टेकवले. एका बाजूने काही नाही. फिरवून टेकवले तर लख्ख उजेड पडला आणि दिवा कायमचा गेला. या दिव्याला करंट आवरून द्यावा लागतो, हे आम्हाला कुठं ठाऊक?

गफूरभाईंनी तो 'पास'च्या ढिगात टाकला. असे सहा पास झाले. मी म्हटलं, भाई, हे तर मेले.

ते शांतपणे म्हणाले, "जल्या ना? मैं देख्या ना? फिर पास!"

*

सातवा दिवा सिद्रामने त्यांच्या हातातून काढून घेतला. सिद्राम मंद्रूपचा, शिक्षण आठवी, सहा वर्षं आमच्याकडे टेंपररी. खात्यात एक पर्मनंट जागा निघाली होती. नव्या इंजिनिअरसाहेबांना तिथं डिप्लोमावाला हवा होता. तो आला की सिद्राम घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला फार वाईट वाटायचं, कारण खात्यात खरं डोकं त्याचंच होतं.

त्याने घरून साबणाची डबी आणली. आत तीन पेन्सिल सेल एकापुढे एक बसवले. करंट आवरायला एक रेझिस्टन्स लावला आणि जुन्या स्विचच्या दोन पितळी पट्ट्या झाकणावर काढल्या. पट्ट्यांवर दिवा ठेवायचा. नाही पेटला तर फिरवून ठेवायचा. उरलेले चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव पेटले! आम्ही त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

पुढे आठवडाभर त्याच्या भाकरीला चंदनाचा वास येत होता. डबी गेल्यावर बायकोने साबण जेवणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली होती.

*

इंजिनिअरसाहेबांनी डबीकडे बघितलंसुद्धा नाही. साबणाच्या डबीवर मिल चालत नाही, म्हणाले. कातडी पिशवीतून त्यांनी आपला भारी मीटर काढला आणि वीसेक दिव्यांना लावून पाहिला. एकही पेटेना. लगेच रिपोर्ट तयार झाला: सगळा माल मृत, टेंपररी वायरमनने जाळला.

सिद्रामचा चेहरा उतरला, पण जीभ जाग्यावर होती. "दिवं मेलं न्हाईत, साहेब. तुमचा मीटर उपाशी हाय. त्येच्या पोटात एकच सेल हाय की. दिव्याला त्यो पुरत न्हाय."

मीटर उघडला. आत एकच सेल होता. गफूरभाई मान फिरवून हसले. साहेब रिपोर्ट घेऊन तडक मॅनेजरकडे गेले.

*

अर्ध्या तासात आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. मॅनेजर मोठे कडक. त्यांना चूक दाखवली आणि नोकरीवर राहिला, असा माणूस आमच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी डबी पुढे ओढली, पाकिटातून एक दिवा उचलला आणि स्वतः पट्ट्यांवर ठेवला.

पेटला नाही.

इंजिनिअरसाहेब गालात हसले. दिवा नुसता फिरवायचा होता, पण ते मॅनेजरना सांगणार कोण?

सिद्राम पुढे झाला. दिव्याला त्याने हात लावला नाही. दिवा तसाच धरून ठेवा, अशी मॅनेजरना विनंती केली, डबी उघडली, तिन्ही सेल काढले, उलटे करून बसवले आणि झाकण लावलं. मॅनेजरच्या बोटांत दिवा लालभडक पेटला.

"साहेबांनी बराबरच लावला व्हता," सिद्राम म्हणाला. "माजंच सेल उलटं बसलं व्हतं."

मॅनेजरनी मान डोलावली. मग दिवा उचलून फिरवून ठेवला. अंधार. पुन्हा फिरवला. उजेड. एकदा सिद्रामकडे बघितलं. मग त्यांनी टायपिस्टला हाक मारली.

"याची पर्मनंटची ऑर्डर टाइप करा. आत्ता."