पाचवं तिकीट

माझे भाऊजी कृष्णराव यांनी आयुष्यात किती पिक्चर पाहिले, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, एकही नाही. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, कारण भिलाईतली सगळी रुआबांधा वस्ती त्यांना ‘टाकीजवाले’ म्हणून ओळखतो. भाऊजी कुमुद टाकीजचे गेटकीपर. तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायचा, अंधारात टॉर्च मारून माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं आणि परत दाराशी येऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसायचं. खुर्चीला पाठ टेकून, नावांच्या पाटीपासून शेवटापर्यंत, त्यांनी एकही पिक्चर पाहिला नाही. त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मी गुलाबराव, त्यांचा साळा, वच्छलाताईचा धाकटा भाऊ. माझा जन्म चरोद्याच्या रेल्वे यार्डात वॅगनींचं शंटिंग करण्यात गेला, त्यामुळे जीभ जरा कडक आहे. ज्याला सोसत नसेल त्याने माझ्या शेजारी बसू नये.

भाऊजींचे वडील तिरोड्याकडचं शेत भावाच्या हवाली करून भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये लागले. मुलगाही प्लांटमध्ये लागणार, हे घरात ठरलेलंच होतं. फक्त प्लांटला ते ठाऊक नव्हतं. भरती बंद झाली. प्लांटची चिठ्ठी येईपर्यंत हातपाय हलवावेत म्हणून भाऊजी कुमुदच्या दाराशी उभे राहिले, ते उभेच राहिले.

तेव्हा कुमुदची चलती होती. सकाळची शिफ्ट दोनला सुटली की लोकं हेल्मेट आणि डबा घेऊन थेट तीनच्या शोला यायची. हिरो पडद्यावर आला की शिट्ट्या मारण्याऐवजी समोरच्या खुर्चीवर हेल्मेट बडवायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, आत पत्रे ठोकायचं काम चाललंय. भाऊजींचा रुबाब असा की रस्त्यात ओळखीचे लोक त्यांना आधी नमस्कार करत. माझं लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा माझा पगार विचारायच्या आधी, बाल्कनीची दोन तिकिटं जमतील का, हे विचारून घेतलं होतं.

या रुबाबाची किंमत ताईने मोजली. शो बारा, तीन, सहा आणि नऊचे. दुनिया ज्या वेळी घरी परतते, त्या वेळी हा माणूस घरात नसायचा. दिवाळी असो की पोळा, सणाला टाकीजमध्ये गर्दी जास्त, म्हणून सणाला तर अजिबातच नाही. त्यांची मुलगी नूतन झाली तो शुक्रवार होता आणि नवा पिक्चर लागला होता. दवाखान्यात ताईजवळ मी होतो. लग्नानंतरची काही वर्षं ताई विचारायची, मला कधी नेता पिक्चरला? भाऊजी म्हणायचे, गर्दी ओसरू दे. मग तिने विचारणं सोडून दिलं.

गर्दी ओसरली. हाताहातात मोबाइल आले, जुनवानीला मॉल झाला आणि करोनात टाकीजला कुलूप लागलं. ते निघालं तोवर लोकांची सवयच मोडली होती. आधी बाल्कनी बंद झाली, मग एसी बंद झाला आणि भिंतीला दोन कूलर लागले. म्हातारे मालक वारले आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडे, सुजयकडे आला. पोरगा वाईट नव्हता, हे मला कबूल आहे. पण त्याचा जीव टाकीजपेक्षा टाकीजच्या खालच्या जमिनीत जास्त होता.

तीन वर्षांपूर्वी भादव्यात सुजयने फर्मान काढलं की पाचपेक्षा कमी तिकिटं गेली तर शो चालवायचा नाही. वर त्याने भाऊजींना असंही सांगितलं की, दिवाळीचा मोठा पिक्चर देताना रायपूरचे वितरक टाकीज नियमित चालते की नाही, ते आधी बघतात. दिवाळीपर्यंत एकही शो कॅन्सल झाला नाही तर तो पिक्चर मागता येईल आणि त्यावर पुढचं वर्ष निघेल. नाहीतर टाळं.

भाऊजींनी ते मनावर घेतलं. त्यांच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. सहाच्या आणि नऊच्या शोला कसेबसे सात-आठ जण यायचे. बाराचा शो कधीच बंद पडला होता. खरी गोची होती ती तीनच्या शोची. तेव्हा या माणसाने काय करावं? घरातली माणसं भरती केली. एक दिवस जेवता जेवता ताईला म्हणाले, उद्या तीनच्या शोला ये, गुलाबलाही घे, सिंधुताईंनाही विचार. सिंधुताई म्हणजे शेजारीण. तिची सून मोनाही यायची, घरात बसून तरी काय करणार म्हणून. आमच्यात खरं गिऱ्हाईक एकच, मरोद्याचा भैयालाल. ठेक्यावर रात्रपाळी करायचा. घरी पोरांच्या गोंगाटात झोप येत नाही म्हणून तिकीट काढून कूलरसमोर झोपायला यायचा. असे आम्ही पाच. आमची चौघांची तिकिटं भाऊजी काढत. कशातून काढत, ते ताईने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी ताईने ठेवणीतली साडी नेसली होती. तोंडाला पावडरही लावली होती. मी म्हटलं, ताई, तुला पिक्चर बघायचा आहे की पिक्चरमध्ये काम करायचं आहे? ती हसली. लग्नात हसली होती तशी हसली, मला खरंच बरं वाटलं. आत गेल्यावर तिने मधल्या रांगेतली कडेची खुर्ची सोडून दुसरी धरली आणि कडेच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मी पिशवी उचलून तिथे बसायला गेलो, तर म्हणाली, “तिथं नको बसू.” मी पलीकडच्या बाजूला बसलो. इंटरव्हलनंतर अंधार झाला तेव्हा ती सारखी मागे दाराकडे बघत होती. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की ती खुर्ची कुणासाठी आहे.

भाऊजी आले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांना बाहेर गाठून सांगितलं की, हॉलमध्ये आम्ही पाच जणं, त्यातला एक घोरतो आहे, तुम्ही ताईजवळ जाऊन बसलात तर आभाळ कोसळणार आहे का? ते म्हणाले, मी आत बसलो आणि तेवढ्यात कुणी आलं तर? गेटवर कुत्रं फिरकत नव्हतं.

पुढे ठेवणीतली साडी गेली, घरातली आली. पिक्चर तोच, आठवडा आठवडा तोच. ताई आत मेथी घेऊन यायला लागली, अंधारात चाचपून निवडायची. आधी तिला राग आला असेल, वाईटही वाटलं असेल, पण मला ते दिसलं नाही. मला दिसायचं ते एवढंच की ती येते, बसते आणि उठून जाते. पिशवी मात्र रोज त्या कडेच्या खुर्चीवरच असायची.

नवरात्र लागलं. आमच्याकडे नवरात्रात अर्धी भिलाई बमलेश्वरीच्या दर्शनाला डोंगरगडला पायी निघते. मोनाही आळीतल्या बायांसोबत निघाली. सासूला काही बोलता येईना, देवाचं काम. भाऊजींनी नूतनला रायपूरहून बोलवायचा विचार केला, पण तिला सुट्टी कोण देणार. त्या दिवशी तीनच्या शोला आम्ही चारच होतो.

सुजय काउंटरवरून उठून आत आला. त्याच्या हातात मोबाइल होता. भाऊजींना तो हिंदीत म्हणाला, काका, एक तिकीट तुम्हीच घ्या आणि आत बसा, मी चालवतो शो. हे त्याने आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं. दिवाळी वीस-पंचवीस दिवसांवर आली होती आणि तोवर एकही शो चुकला नव्हता. मला वाटलं, सुटलो.

ताईने खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“या ना,” ती म्हणाली. “बसा इथं. दोन-अडीच घंट्याची तं गोष्ट आहे.”

“मी गेटवर आहो,” भाऊजी म्हणाले.

“गेटवर कोणी येऊन नाही राहिलं.”

“मी पब्लिक नाही, वच्छला. मी गेटकीपर आहो. मी बसलो तं मंग टाकीजमधी राह्यलं काय?”

एवढं बोलून ते बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो, तोंडाला येईल ते बोललो, इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकतच नव्हते. रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्हीकडे बघत होते. हायवेने देवीचे लाल झेंडे घेतलेल्या लोकांची रांग चालली होती, जयजयकार करत, दुर्गच्या दिशेने. एवढी माणसं होती, पण आमच्याकडे वळणारं त्यात कुणी नव्हतं. भाऊजींनी एका ऑटोवाल्याला थांबवून विचारलंही, पिक्चर बघतो का, तिकीट माझं. तो हसला आणि निघून गेला.

आम्ही परत आलो तोवर सुजयने वर ऑपरेटरला फोन करून शो कॅन्सल केला होता. हॉलमधले दिवे लागले. भैयालालला हलवून उठवावं लागलं. त्याच्या हातात पैसे परत दिले, तर तो छत्तीसगढीत कुरकुरला की पैसे नकोत, झोपू द्या. कुरकुरणारा तेवढा एकच. ताईने पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे आली. भाऊजींनी तिच्यासाठी पडदा बाजूला धरला, कुठल्याही बाईमाणसासाठी धरतात तसा. ती त्यांच्याकडे न बघता बाहेर पडली आणि सिंधुताईंसोबत ऑटोत बसली.

दिवाळीचा पिक्चर आला नाही. दिवाळी झाली आणि टाळं लागलं. त्या एका शोने काही फरक पडला असता, असं मला वाटत नाही. सुजयने जमिनीचं आधीच कुठेतरी ठरवलं असणार. पण हे मी भाऊजींना सांगितलं नाही, कारण त्यांनी मला कधी विचारलं नाही. खुर्च्या एका मंगल कार्यालयाने नेल्या. त्या ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा भाऊजी तिथेच होते, बाजूला हो म्हटलं की बाजूला होत होते. मी त्यांना विचारलं, वाईट वाटतंय का? त्यांनी थोडा विचार केला, जसं काही पोटात दुखतंय का म्हणून डॉक्टरने विचारावं, आणि म्हणाले, “काई वाटून नाही राहिलं.”

मला ते खरं वाटलं. मलाही फारसं काही वाटत नव्हतं.

आता ते संध्याकाळी घरी असतात. ताईला संध्याकाळी नवरा घरी असायची सवय नाही. तिचं भजनाचं मंडळ, तिची मालिका, सिंधुताईंबरोबर गेटाशी उभं राहणं, सगळं त्यांच्याविना बसवलेलं. त्यात हा माणूस असून अडचण, नसून खोळंबा. ती त्यांना टाकून बोलत नाही. चहा आणून देते, ते पितात. दोघं भांडले असते तर मी मध्ये पडलो असतो, दोघांनाही चार शब्द सुनावले असते. पण भांडणच नाही. मी जातो, बसतो आणि परत येतो.

मागच्या वैशाखात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. नूतनने रायपूरहून मॉलमधल्या सहाच्या शोची दोन तिकिटं मोबाइलवर काढली, गाडी बुक केली आणि मला फोन केला. “मामा, तुमी बस बाबांले तयार करा, बाकी मैं देख लूंगी. आईले सांगू नका, सरप्राइज आहे.” मी चारलाच गेलो. भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत तयार होते. एवढे तयार मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला हळूच विचारलं, दोन्ही खुर्च्या शेजारशेजारच्याच आहेत ना? मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या दिवशी मी जीभ आवरली.

गाडी दाराशी लागली तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. भाऊजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“चाल वच्छला,” ते म्हणाले. “पिच्चरले जाऊ.”

ताईचा हात सुपात चालत होता. तिने वर पाहिलं.

“कावून?” ती म्हणाली. “किती लोकं कमी पडून राहिले?”

माझ्या बहिणीचा टोमणा मी लहानपणापासून ओळखतो. हा टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. कमी पडत असतील तर ती उठली असती, पदर नीट केला असता आणि गाडीत जाऊन बसली असती.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मी जाऊन त्याला परत पाठवलं. आत आलो तर भाऊजी तिथेच उभे होते आणि ताई तांदूळ धुवायला उठली होती. तिने मला विचारलं, जेवून जातोस ना, मग एक वाटी जास्त टाकते.